खुंटीवरची कंठी

लछमनदास महाराज गेल्याची बातमी मला गोरेगावच्या बाजारात कळली, आणि तिच्यामागोमाग त्यांची बदनामीही कळली. मी मिरच्या घेत होतो. खरं तर महाराजांनीच मला पाठवलं होतं. सकाळी त्यांना चमच्याने पाणी पाजलं तेव्हा म्हणाले, मठातल्या मिरच्या सरल्या, आज बाजार आहे, जा. मीही गेलो. मिरच्या विकणारी बाई दर बाजारच्या ओळखीची. तिने तागडी खाली ठेवली आणि म्हणाली, "गुर्जी, तुमी अठीच? तुमचे महाराज गेले ना... आत्ताच तिकडची बंडी आली, तो गाडीवाला सांगून राहिला होता." माझ्या हातातली पिशवी तशीच राहिली. बाईने जरा पुढे वाकून आवाज उतरवला. "आन् मरतावक्ती गळ्यात कंठी नोहोती म्हन्तेत. अफू खात होते म्हन्तेत. खरं होय का जी?" मी तिला पैसे दिले, मिरच्या घेतल्या आणि दोन कोस चालत गावी आलो.

त्याला आता सहा आठवडे झाले. दुःख ओसरायच्या आत बोभाटा वाढला, म्हणून हे लिहायला बसलो. महाराज आमच्या गावच्या लहानशा राममठाचे महंत होते. पुढे रामाची खोली, मागे राहायच्या दोन खोल्या, ओसरी आणि आंब्याची पाच झाडं, एवढाच मठ. ते तरुणपणी छत्तीसगडाकडून बैराग्यांच्या जमातीबरोबर आले आणि इथेच राहिले. त्यांची बोली झाली होती अर्धी आमची, अर्धी हिंदी. दारू, गांजा, अफू ह्यांत बुडालेली माणसं आणि ज्यांचं मन ठिकाणावर नाही अशी माणसं त्यांच्याकडे येत. अशा माणसाच्या गळ्यात कंठी नव्हती, ह्याची चर्चा आज चावडीपासून पाणवठ्यापर्यंत चालू आहे. ती का नव्हती हे मला ठाऊक आहे. पण ते नीट सांगायचं तर मला आधी स्वतःचं सांगावं लागेल. सांगतो. मी पेन्शनीतला शाळामास्तर आहे, आणि मी दारुडा होतो.

मानमोडीच्या तापाची साथ आली त्या वर्षी आमच्या घरातून एकच प्रेत निघालं, म्हणून शेजारी आम्हाला नशीबवान म्हणत. ते प्रेत माझ्या साडेचार वर्षांच्या मुलीचं होतं. त्यानंतर माझं काहीतरी बिनसलं. वर्गात फळ्याकडे तोंड करून उभा राही आणि काय लिहायचं होतं तेच आठवत नसे. छातीवर कोणी पाटा ठेवला आहे असं दिवसभर वाटे. झोप तर नाहीच. ह्याला दुखणं म्हणतात हे आमच्या गावात कोणाला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. मोहाची दारू घेतली की झोप लागते, एवढं मात्र मला चार दिवसांत कळलं. पुढच्या दोन वर्षांत मी शाळेतही पिऊन जाऊ लागलो. आईने कचारगडच्या देवाला नवस केला. एका मांत्रिकाने माझ्या नाकाशी मिरच्यांची धुरी धरली, त्याने मला खोकला झाला आणि खोकल्यावर औषध म्हणून मी आणखी प्यायलो. शाळा तपासायला येणाऱ्या डिप्टीसाहेबांनी सरळ सांगितलं, पुढच्या खेपेला असंच दिसलं तर दुसरा मास्तर पाठवतो. तेव्हा माझी बायको यमुना मला हाताला धरून मठात घेऊन गेली. भर दुपारी, साऱ्या गावासमोर, लहान पोराला नेतात तसं.

आमच्याकडे दारू सोडायची म्हणजे महंताच्या हातून तुळशीच्या मण्यांची कंठी बांधून घ्यायची. कंठी गळ्यात आहे तोवर दारूला शिवायचं नाही. शिवलं तर मोठं पाप, सात पिढ्यांना लागणारं. महाराजांनी माझ्या गळ्यात कंठी बांधली. मी मान जरा फुगवून धरली होती, त्यामुळे ती सैल बसली. हे मी मुद्दाम केलं होतं हे आज छापून येऊ द्यायला मला लाज वाटत नाही, कारण ह्या भागात ही युक्ती करणारा मी पहिला नव्हतो. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मी कंठी डोक्यावरून काढली, स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या खुंटीला अडकवली, भट्टीवर गेलो, प्यायलो, परत आलो, हात-पाय धुतले आणि कंठी घातली. गळ्यात कंठी असताना मी थेंबाला शिवलो नव्हतो. नेम शाबूत, देव राजी, मीही राजी! महिनाभर मी हा व्यवहार अगदी श्रद्धेने चालवला. कंठी काढताना मी तिला नमस्कारसुद्धा करत असे.

यमुनेला ती खुंटीवर दिसली. तिने आरडाओरडा केला नाही. कंठी पदरात बांधली आणि मठात जाऊन महाराजांपुढे ठेवली. "हा घ्या तुमचा नेम," ती म्हणाली, "खुंटीले टांगून गेला हाय." हे तिनेच मला पुढे सांगितलं. तिला वाटलं होतं महाराज संतापतील, मला शाप देतील, निदान उपास तरी सांगतील. महाराजांनी कंठी उचलून पाहिली आणि ते हसू लागले. यमुनेला इतका राग आला की ती पाणीही न पिता उठली. दुसऱ्या दिवशी सकाळी महाराज स्वतः आमच्या दारात. मी शाळेत जायला निघालो होतो. त्यांनी ओसरीवर बूड टेकलं आणि मला म्हणाले, "मास्तर, खुंटीची गोष्ट तुले बढिया सुचली. पन खुंटी तुह्या घरी नोको. माह्या घरी पायजे."

त्यांनी मठाच्या ओसरीच्या भिंतीत बाभळीची एक खुंटी ठोकली. ती माझी. मग नेम सांगितला, तोही असा की मी थक्क झालो. प्यावंसं वाटलं तर मठात यायचं, महाराजांना सांगायचं आणि कंठी त्यांच्या हातून सोडवून घ्यायची. ती खुंटीला टांगून खुशाल जायचं. परत घालायची झाली की पुन्हा मठात यायचं, ते बांधतील. बोलणी नाहीत, दंड नाही, प्रायश्चित्त नाही. अट एकच, हे सगळं उजेडात. दिवा लागल्यावर कंठी सुटणार नाही. आता ते गाठ मानेच्या मागे अशी घट्ट मारत की दुसऱ्याच्या हाताशिवाय ती सुटत नसे. "काढतावक्ती सांगजो, घालतावक्ती सांगजो," ते म्हणाले. "बाकी तुही मर्जी."

मी मनात म्हटलं, हा बैरागी भोळा आहे. चार दिवसांनी संध्याकाळी जीव कासावीस झाला तेव्हा भोळा कोण ते मला कळलं. दिवे लागले होते. सकाळपर्यंत थांबणं आलं. ते कसं थांबलो ते माझं मला ठाऊक. उजाडल्याबरोबर मठ गाठला. महाराज झाडलोट करत होते. "काऊन काढतो?" त्यांनी विचारलं. दर खेपेला हे एकदाच विचारायचे, दुसऱ्यांदा नाही. मी म्हटलं, झोप येत नाही. "सोडतो ना," ते म्हणाले, "पन रामाचा भात चढवाचा हाय, तेवढे तांदूळ निसून दे. मंग जा." सूपभर तांदूळ माझ्यापुढे सरकवले आणि आपण झाडू घेऊन गेले. आमच्याकडे तांदूळ निसणं बायकांचं काम. मास्तरकी करणारा माणूस मठाच्या ओसरीवर, रस्त्यावरून सगळ्यांना दिसेल असा, मांडी घालून खडे वेचतोय... पाणवठ्याकडे जाणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. पण हात कामात असले की तोंड सैल होतं. अर्धं सूप होईस्तोवर मी मुलीविषयी बोललो. तिचं नाव घेतलं. घरात दोन वर्षं कोणी ते घेत नव्हतं. महाराज झाडू भिंतीला टेकवून शेजारी बसले होते आणि माझ्याकडे न बघता तेही खडे वेचत होते. तांदूळ निसून झाले. महाराज मानेमागच्या गाठीला हात घालणार तेवढ्यात मी म्हटलं, राहू द्या आज.

दर वेळी असं झालं, असं मी म्हणणार नाही. कितीदा तरी सूप संपलं आणि मी कंठी खुंटीवर ठेवून भट्टीवर गेलोच. पण परत आलो की महाराज "बस" एवढंच म्हणत आणि बांधत. डिप्टीसाहेब पुन्हा आले तेव्हा मी शुद्धीत होतो आणि मुलांनी पाढे बरे म्हटले. पहिल्या वर्षी खुंटी आठवड्याला एकदा तरी भरे. मग महिन्याला. मग दिवाळी, होळी, मुलीची तिथी. चौथ्या वर्षी तिथीलाही कंठी गळ्यातच राहिली. त्या दिवशी यमुनेने मठात पुरणाच्या पोळ्या नेल्या आणि महाराजांसमोर बसून पोटभर रडली. पहिल्या दिवशी ते हसले ह्याबद्दल तिने त्यांना तेव्हा माफ केलं असावं.

तोवर भिंतीवर खुंट्यांची रांग झाली होती. शेजारच्या गावांतून माणसं येऊ लागली. दारूवाले, गांजावाले, एक अफूवाला पटवारी. कोणती खुंटी कोणाची हे सगळ्यांना ठाऊक असे, आणि ह्यात बायकांची फार सोय झाली. पाण्याला जाताना ओसरीकडे एक नजर टाकायची. नवऱ्याची कंठी खुंटीवर दिसली की ती बाई त्या दिवशी पोरांना घेऊन सासूकडे किंवा शेजारी मुक्कामाला जायची, भांडी उचलून ठेवायची, म्हाताऱ्याला सावध करायची. मार खाल्ल्यावर कळण्यापेक्षा हे बरं. मी एकदा महाराजांना विचारलं, खुंट्या ओसरीवरच का, आत का नाहीत? ते म्हणाले, "आत ठेवल्या तर तुमच्या बायका कोठून पाहतीन?" आम्हाला वाटे खुंटी आमच्यासाठी ठोकली आहे!

त्यांना सगळंच जमत होतं असंही नाही, आणि ते कधी तसं दाखवतही नसत. एका शेतकऱ्याची सून बाळंतपणानंतर बोलेनाशी झाली, मुलाला जवळ घेईना. सासरच्यांनी भूत म्हणून तिला मठात आणलं आणि झाडून काढा म्हणाले. महाराज तिच्यापासून दोन हात दूर बसले. तिला नाव विचारलं, जेवलीस का विचारलं, झोपलीस का विचारलं. मग सासऱ्याला म्हणाले, "भूत-गीत काई नाई. पोरगी थकली हाय, आन् हे थकनं माह्या समजाच्या बाहेरचं हाय. इच्या मायले बोलवा. आन् मास्तर, तू गोंदियाच्या डाक्टरले चिठ्ठी लिही." मी चिठ्ठी लिहिली. ती बरी व्हायला वर्ष लागलं. ती आज आमच्या गावात नांदते आहे, तिचा मुलगा माझ्याच हाताखाली शिकला. देवळातला माणूस "मला हे कळत नाही" म्हणू शकतो, हे मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी महाराजांच्या पोटात गाठ धरली. गोंदियाचे डॉक्टर येऊन गेले. आता काही करण्यासारखं नाही, कळा फार येतील तेव्हा ही गोळी द्या, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. गोळी अफूची होती. महाराजांना ते न सांगताही समजलं. आठ दिवस त्यांनी ती घेतली नाही. नवव्या दिवशी सकाळी मला जवळ बोलावलं. उन्हं ओसरीवर आली होती. म्हणाले, मला भिंतीशी नेऊन बसव. बसवलं. मग म्हणाले, "गाठ सोड." मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी म्हटलं, महाराज, हे औषध आहे, डॉक्टरांनी दिलं आहे, ह्याला कसला नेम? ते वेदनेतही हसले. "साऱ्यायले औषधच राहते, मास्तर. तू बी पह्यले औषधच म्हनत होतास." मी गाठीला हात घातला. त्यांनी माझा हात धरला. "अशी नाई. मी तुमाले इचारतो तसं मले इचार." ते थांबून राहिले. शेवटी मी विचारलं, "काऊन काढता, महाराज?" "दुखते म्हनून," ते म्हणाले. "लय दुखते, मास्तर. रामाचं नावबी घेवत नाई, एवढं दुखते." मी गाठ सोडली. शेवटची खुंटी रिकामी होती, तिच्यावर त्यांची कंठी टांगली. मग त्यांनी गोळी घेतली. त्या दिवशी कितीतरी दिवसांनी त्यांना झोप लागली. पुढे अठरा दिवस ते होते, आणि गोळी रोज घेत होते.

तर ही त्यांच्या मोकळ्या गळ्याची हकीकत. बाजारातून मी परतलो तेव्हा ओसरी माणसांनी भरली होती. त्यांच्या पंथाच्या मोठ्या मठातून तीन साधू त्यांना भेटायला म्हणून आधीच निघाले होते, ते तासाभरात पोचले. म्हाताऱ्या साधूने महाराजांचा गळा पाहिला आणि विचारलं, "कंठी कहाँ है?" कोणीतरी खुंटीकडे बोट दाखवलं. तो उठून ती घ्यायला गेला. मी आडवा आलो. मी काही धीट माणूस नाही. त्या दिवशी तर कित्येक वर्षांनी मला भट्टीची वाट आठवत होती. तरी मी म्हटलं की ही महाराजांनी सांगून काढली आहे, सांगितल्याशिवाय ती परत घालता येत नाही, नेम त्यांचाच आहे. गावातली जाणती माणसं मला ओढू लागली. मास्तर, वेडे झाला काय, महंताला उघड्या गळ्याने चितेवर ठेवणार? लोक काय म्हणतील? मी म्हटलं, लोक म्हणतील ते मी ऐकीन. पण आज आपण गुपचूप कंठी घातली, तर आमच्यासारखा, डोक्यावरून कंठी काढणारा माणूस आणि महाराज ह्यांत फरक काय राहिला? मला रडू आवरेना. म्हाताऱ्या साधूने माझं सगळं ऐकून घेतलं. कोणाला सांगून काढली, त्याने विचारलं. मला, म्हटलं. तो परत जागेवर जाऊन बसला. "रहने दो," तो म्हणाला. महाराजांना आम्ही आंब्यांखाली अग्नी दिला, तसाच, मोकळ्या गळ्याने.

लोक म्हणाले, आणि मी ऐकलं. महंत अफू खाऊन मेला, म्हणे. दोन घरांनी मठात शिधा पाठवणं बंद केलं. एकाने आपल्या पोराची कंठी रागारागाने तोडून नदीत टाकली. मला त्या दिवसांत फार एकटं वाटलं, हेही सांगून टाकतो. मी वेड्यासारखा हट्ट धरून महाराजांच्या आयुष्यभराच्या कामावर पाणी तर ओतलं नाही ना, ह्या विचाराने मी रात्री उठून बसत असे. यमुना म्हणाली, बसून राहण्यापेक्षा मठात जाऊन बसा. तेव्हापासून मी रोज सकाळी ओसरीवर जातो, झाडतो, रामाचे तांदूळ निसतो.

गेल्या सोमवारी फागू आला. फागू बंडी हाकतो, मोहाची पितो. त्याची कंठी अडीच वर्षं खुंटीवरच होती, तिच्यावर कोळ्याने जाळं धरलं होतं. काढून गेला तो परत घालायला आलाच नव्हता. महाराजांच्या नजरेला पडू नये म्हणून तो आपली बंडी तलावाच्या पाळीवरून फेरा घालून नेत असे, एवढी त्याला शरम. त्या दिवशी बैल झाडाला बांधून तो ओसरीच्या पायरीशी उभा राहिला. वर येईना.

"गुर्जी," तो म्हणाला, "महाराजची बी कंठी खुंटीवर हाय म्हन्तेत. बाजारात सारे बोलून राहिले. कोन्ती होय?"

मी शेवटची खुंटी दाखवली. तो पायरी चढून आला आणि तिच्यासमोर उभा राहिला.

"काऊन काढली होती?"

"दुखत होतं म्हणून."

"सांगून काढली?"

"हो. मला सांगून."

फागूने मान हलवली. मग तो आपल्या खुंटीपाशी गेला, कंठी काढली, फुंकर मारून जाळं उडवलं, धोतराच्या सोग्याने मणी पुसले आणि माझ्यापुढे धरली. "तं मंग तुमीच बांधा," तो म्हणाला आणि माझ्याकडे पाठ करून खाली बसला.

मी आयुष्यात कोणाच्या गळ्यात कंठी बांधली नव्हती. माझा तो अधिकारही नाही. तांदळाचे हात पंचाला पुसले आणि दोरा हातात घेतला. दोनदा गाठ सुटली. फागू मान खाली घालून तसाच बसून राहिला.